काटेरी वटपौर्णिमा

वाळवंटातल्या चँडलर गावातल्या आमच्या घराला मागे मोठं अंगण होतं, पण त्यात माती नव्हती, खडी होती. गुलाबीसर, एकसारखी, चाळून आणल्यासारखी खडी, आणि तिचा रंगसुद्धा वसाहतीच्या कमिटीने ठरवून दिलेला. माझी आई अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. बाबांना इथे चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली म्हणून ती आली, आणि तिच्या व्हिसावर तिला नोकरी करायची परवानगी नव्हती. तेव्हा रोज संध्याकाळी ती पाइप हातात घेऊन त्या खडीला पाणी घालायची. ओल्या दगडांना थोडा तरी वास येतो, असं तिचं म्हणणं. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी महिनाभर हे भिंतीवरून पाहिलं आणि शेवटी न राहवून बाबांना विचारलं, की तुमच्या मिसेसना हे दगड मोठे व्हायला हवेत का? बाबा म्हणाले, "शी इज अ सायंटिस्ट." त्यावर ते गृहस्थ समजूतदारपणे मान हलवून आत गेले आणि पुन्हा त्यांनी कधी काही विचारलं नाही.

तिथला कोरडेपणा मला अजून जिभेवर आठवतो. पोळी तव्यावरून ताटात येईपर्यंत तिचा पापड व्हायचा, म्हणून आई एक लाटायची, एक भाजायची आणि "खा, खा, खा!" असं ओरडायची. आमचं जेवण म्हणजे रोजची शर्यत होती. दोरीवर शेवटचा टॉवेल घालेपर्यंत पहिला वाळून कडक झालेला असायचा. भिजवलेला साबुदाणा जरा उघडा राहिला की त्याचे छर्रे. दिवसभर एसीची घरघर, आणि सकाळी मागच्या भिंतीवरून लावा पक्ष्यांच्या कुटुंबाची मिरवणूक: पुढे डोक्यावर तुरा खोचलेला बाप, मागे सुपारीएवढी दहा-बारा पिल्लं, सगळ्यांत शेवटी आई, आणि सगळ्यांची सतत काहीतरी तक्रार. आता मी हिरव्यागार, दमट गावात राहते. इथे सकाळची पोळी रात्रीपर्यंत मऊ राहते, तरी माझा घास घाईनेच तोंडात जातो आणि नातवंडं हसतात. त्यांना कुठे माहीत, की आजी वाळवंटात वाढलेली आहे.

त्या घरातल्या दुसऱ्या उन्हाळ्यात आईने पोळ्या लाटता लाटताच जाहीर केलं, "महेश, जुलैत अमरावतीच्या शाळा सुरू व्हायच्या आत मी आणि सानू परत जातो. तू तुझं प्रोजेक्ट कर." बाबांनी घास हातात धरून ठेवला आणि त्याचा पापड झाला. "पण का?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "इथे मला एकही झाड ओळखत नाही." हे काही कारण आहे का, असं कुणालाही वाटेल, पण आईच्या बाबतीत ते होतं. अमरावतीत ती रस्त्याने चालायची ती झाडांशी बोलत, नावानिशी. इथल्या बाहेरच्या जगाकडे ती बघायचीच नाही. तिच्या मते तिथे काट्यांखेरीज काही नव्हतं. मी बारा वर्षांची होते. मला अमरावती आवडायची, चँडलरही आवडायचं, पण मला आई आणि बाबा एकाच टेबलापाशी हवे होते. एवढीच माझी मागणी होती, आणि ती कुणीच विचारत नव्हतं, म्हणून मी ठरवलं की आईला इथलं एक तरी झाड आवडायला लावायचं. पुढचा सगळा गोंधळ या ठरावातून झाला, तेव्हा दोष माझाच.

माझ्याकडे माहितीचा एक झरा होता. आमच्या शाळेच्या बसच्या ड्रायव्हर मिस लोरेटा. त्या ओओदम. म्हणजे आमचं गाव, कमिटी आणि खडी येण्याच्या कितीतरी आधीपासून या डोंगरांमध्ये राहणारे जे लोक, त्यांच्यापैकी. गाव जिथे संपतं तिथे रस्त्याच्या पलीकडे त्यांची जमीन सुरू व्हायची. मी ड्रायव्हरमागच्या पहिल्या सीटवर बसायची आणि मिस लोरेटा प्रत्येक लाल सिग्नलला थोडं थोडं सांगायच्या. सवारो नावाचं ते उंच, हात वर केलेलं निवडुंग. त्याला पहिला हात फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. ते दीड-दीडशे वर्षं जगतं. जूनमध्ये त्याच्या डोक्यावर लाल फळं पिकतात आणि लोरेटांच्या घरची माणसं ती काढायला डोंगरापाशी एका ठरावीक जागी जातात. "आणि ती झाडं नाहीत, सॅनी," त्या आरशातून माझ्याकडे बघत म्हणायच्या, "ती माणसं आहेत. आमची." इथे सिग्नल हिरवा व्हायचा. माझं सगळं शिक्षण असं लाल दिव्यांच्या मापाने झालं आणि त्यात बरंच निसटलं.

जून लागला आणि इथल्या मराठी बायकांच्या भगिनी मंडळाची वटपौर्णिमेची मीटिंग आमच्या घरी भरली. अध्यक्ष सबनीस काकू. त्यांनी एखादी गोष्ट शास्त्रात आहे असं म्हटलं, की ती त्या क्षणापासून शास्त्रात असायची. आदल्या वर्षी वड न मिळाल्याने सबनीस काकांच्या ऑफिसातून वडाचं चित्र छापून आणलं होतं आणि बायकांनी सोफ्याभोवती फेरे घातले होते. शाई संपल्याने वड अर्धा जांभळा आला होता. "यंदा ते नको," काकू म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याचं वर्षभर पोट बिघडलं होतं." त्यावर मी, पाणी नेऊन देणारी मुलगी, मध्येच बोलले, "सवारो चालेल ना? तो दीडशे वर्षं जगतो. वडासारखाच." आईने डोळे मोठे केले. सबनीस काकूंनी डोळे मिटले, बहुधा शास्त्र तपासायला, आणि म्हणाल्या, "दीर्घायुषी वृक्ष. स्थानिक. चालेल." मेश्राम मावशी तेवढी हसत होती. ती नागपूरची, हॉस्पिटलात नर्स, आईची इथली एकमेव जवळची मैत्रीण. ती बौद्ध होती, या व्रताशी तिचा काही संबंध नव्हता. ती फक्त आईच्या हातच्या चहासाठी आली होती. पण सात सीटची गाडी सगळ्यांत एकट्या तिच्याकडे होती. "मी नाही मानत हे," ती म्हणाली, "पण तुमची गंमत पाहायला येतो नं बावा. शुभा, तू तर नवऱ्याला सोडून चालली. सात जन्म हाच पाहिजे अन् ह्या जन्मी नको, असं आहे का तुझं?" आई म्हणाली, "चहा घे गप."

पौर्णिमेच्या सकाळी आम्ही साडेपाचला निघालो, कारण नऊनंतर बाहेर उभं राहणं म्हणजे तव्यावर उभं राहणं. आईसकट सहा जणी उपाशी, नटलेल्या, पायात मात्र सगळ्यांच्या स्पोर्ट्स शूज. सबनीस काकू पैठणीत. मागे डिकीत ताटं, सूत, हापूस नसला तरी मेक्सिकोचा गोड आंबा, केळी, खजूर, आणि सीट पुरेना म्हणून मी. मिस लोरेटांकडून ऐकलेली वाट मी डिकीतून सांगत होते. गाव संपलं, रस्ता कच्चा झाला आणि समोर डोंगर आले. नुसता खडक, सूर्य वर येईल तसा जांभळ्याचा तपकिरी होणारा, आणि उतारावर शेकडो सवारो हात वर करून उभे. रस्त्याच्या कडेला एक पाटी होती. मावशीने ती वाचली, "परवानगीशिवाय आत येऊ नये. सानू, परवानगी आहे नं?" मी म्हणाले, "मिस लोरेटा माय फ्रेंड आहे." हे खरं होतं. खोटं मी एक अक्षरही बोलले नाही, आणि हा असला खरेपणा किती महागात पडतो ते मला पुढे अर्ध्या तासात कळलं.

सबनीस काकूंनी एक सवारो निवडला. पाच हातांचा, भारदस्त, डोक्यावर लाल फळांचा मुकुट, त्यावर बसून फळं खाणारी दोन कबुतरं. पोटाजवळच्या बिळातून एक सुतारपक्षी डोकं काढून आम्हाला शिव्या देत होता. हळदीकुंकू लांबूनच उडवावं लागलं. पण सुताचं काम विलक्षण झालं. वडाला गुंडाळलेला दोरा घसरतो, इथे प्रत्येक काट्यावर तो आपोआप अडकायचा. "बघा," काकू म्हणाल्या, "सोय आहे." सहा जणींनी सात-सात फेरे घातले आणि तो बिचारा टाके घातलेल्या रुग्णासारखा दिसायला लागला. पक्षी आत गेला.

शेवटच्या फेऱ्याला काकूंचा पदर बाजूच्या चोयाला लागला. चोया हेही निवडुंगच, दिसायला मऊ, लोकरीचं वाटावं असं, पण जरा हात लागला की त्याचा गोळाच्या गोळा तुटून अंगाला चिकटतो. काकूंनी तो पदरावरून काढायला हात लावला, तो हाताला चिकटला. दुसरीने त्यांचा हात धरला, तिला चिकटला. आई सोडवायला गेली. "हात लावू नका कोणी!" मावशी गाडीतून ओरडली आणि पर्समधली फणी घेऊन धावत आली. नर्सच ती, फणीचे दात काट्यांत घालून तिने एकेक गोळा असा उडवला, की तो उडून तिसरीच्या पायापाशी पडला आणि तिने किंकाळी फोडली. या सगळ्यात वाणाच्या ताटांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मी पाहिलं तेव्हा तिथे पाच जनावरं उभी होती. गुडघ्याएवढी, राखाडी, राठ केसांची, मान नसलेली, आणि वास असा की डोळ्यांत पाणी यावं. हावेलीना. दिसायला रानडुकरासारखी, पण डुकरं नव्हेत, असं मिस लोरेटांनी एका लाल सिग्नलला सांगितलं होतं. ती आमचे आंबे सालीसकट, कोयीसकट, अतिशय शांतपणे खात होती. सबनीस काकूंच्या तोंडून शब्द निघाला, "वराह!" आणि त्यांनी फणी अडकलेला हात जमेल तसा जोडला. अध्यक्षांनी जोडला म्हणून सगळ्यांनी जोडले. त्यामुळे हाकलायचं राहून गेलं आणि केळीही गेली.

तेवढ्यात धुरळा उडवत एक पांढरा ट्रक आला. मिस लोरेटा उतरल्या. डोक्याला रुमाल, हातात दोन बादल्या, आणि ट्रकच्या टपावर सवारोच्याच वाळक्या फासळ्या जोडून केलेली लांबच लांब काठी. त्यांनी आधी मला पाहिलं. "सॅनी. शाळेला सुट्टी आहे ना? मग मला तुझं तोंड का दिसतंय?" मग त्यांनी सवारो पाहिला. त्यांचा चेहरा बदलला. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "यांना कोणी बांधलं?"

त्यांनी इंग्रजीत 'हिम' म्हटलं होतं, माणसाला म्हणतात तसं. मराठीत त्याला 'यांना'च म्हणावं लागेल. त्या क्षणी लाल सिग्नलला निसटलेलं सगळं माझ्या डोक्यात एकदम जागेवर बसलं. माणूस. त्यांच्या घरचा, वडीलधारा. आणि आम्ही त्याला त्याच्याच दारात सुताने जखडून ठेवलं होतं, न विचारता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आईला सांगितलं. आई पुढे झाली आणि तिच्या कॉलेजातल्या इंग्रजीत म्हणाली, "माफ करा. आम्ही विचारायला हवं होतं."

"हो. हवं होतं," मिस लोरेटा म्हणाल्या. मग बादल्या खाली ठेवून, "कशासाठी बांधलंत?"

मी समजावलं, की असं केलं की बायकांना सात जन्म हाच नवरा मिळतो. मिस लोरेटांनी सहाही जणींवरून नजर फिरवली. "सात? एकच?" त्यांनी विचारलं. "त्या नवऱ्यांना विचारलंय का कुणी?" मेश्राम मावशी खोकायला लागली. "ते असो," मिस लोरेटा म्हणाल्या, "सोडवा त्यांना. काटा मोडू नका."

आता खरा पेच पडला. सूत सोडवायचं म्हणजे उलटे फेरे घालायचे, आणि उलटे फेरे घातले तर सात जन्मांचं काय? सबनीस काकू पांढऱ्या पडल्या. तिथल्या तिथे, चढत्या उन्हात, मंडळाची तातडीची मीटिंग भरली. एक जण म्हणाली, कात्रीने कापू. काकू म्हणाल्या, "नवऱ्याचं आयुष्य कापायचं?" दुसरी जरा फारच पटकन म्हणाली, "मला चालतील हो उलटे," आणि सगळ्यांनी तिच्याकडे पाहिल्यावर घाम पुसायला लागली. शेवटी मावशी पुढे आली. "मी सोडवतो. माझं व्रतच नाही, तर मले काय उलटं अन् काय सुलटं?" काकूंनी पुन्हा डोळे मिटले, शास्त्र तपासलं, आणि सांगितलं की तिने सोडवला तर तो नुसता दोरा सुटतो, फेरा नाही. मावशी कामाला लागली. दर सात फेऱ्यांनंतर ती मोठ्याने घोषणा करायची, "सबनीस साहेब झाले! पुढचे कोण?" मिस लोरेटा ट्रकला टेकून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण खांदे हलत होते.

शेवटचा दोरा आईचा राहिला. मावशीने हात घातला तशी आई म्हणाली, "थांब. माझ्या मुलीने आणलं, मी बांधलं. माझा मीच सोडवते." सबनीस काकू ओरडल्या, "शुभा! अगं, उलटे!" पण आई ऐकेना. तिने एकेका काट्यावरून दोरा नखाने उचलून, मागे मागे चालत, सात उलटे फेरे घातले. मला एकच कळलं: आई बाबांना सोडत होती. या जन्मी, पुढच्या जन्मी, सगळ्या जन्मी. मी तिथेच खडकावर बसून भोकाड पसरलं. आवाज ऐकून हावेलीनासुद्धा निघून गेली. आईला वाटलं मला चोया लागला. तिने माझे दोन्ही पाय तपासले आणि काही नाही म्हणून माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

मिस लोरेटा आईच्या हातांकडे बघत होत्या. "झाडांचं काम करतेस?" त्यांनी विचारलं. "शिकवायचे," आई म्हणाली. "माझ्या भाच्या येणार होत्या. झोपल्यात," असं म्हणून त्यांनी ती लांब काठी आईच्या हातात दिली. मग त्या बाकीच्यांकडे वळल्या. "माझ्याकडे फळं आहेत, तुमच्याकडे हात आहेत. चला." ही शिक्षा होती की आमंत्रण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पहिलं फळ त्यांनी स्वतः उघडलं, त्याच्याच वाळक्या फुलाच्या धारेने कापून. आतला लालभडक गर जरासा छातीला लावला, आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या, आणि रिकामं साल आतली लाल बाजू आकाशाकडे करून जमिनीवर ठेवलं. पाऊस यावा म्हणून, त्यांनी सांगितलं. मग आम्ही काढत सुटलो. सबनीस काकूंनी फळ उपासाला चालतं का, याचा निर्णय गर तोंडात टाकून झाल्यावर दिला. चालतं. चव अंजिराच्या जवळची, आत खसखशीएवढ्या काळ्या बिया, आणि बोटं, ओठ, पैठणी सगळं लाल. आईचा तर ताबाच सुटला होता. परागीभवन कोण करतं? रात्री वटवाघळं, दिवसा मधमाश्या आणि कबुतरं? रोप कुणाच्या सावलीत वाढतं? पलीकडचं ते हिरव्या खोडाचं झाड कुठलं? मिस लोरेटा उत्तर द्यायच्या, आई थेट पुढचा प्रश्न विचारायची. पहिली पाच मिनिटं मी दुभाषा होते, त्यानंतर माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. आठ वाजता बादल्या भरल्या. "गुरुवारी आम्ही पुन्हा येतोय," मिस लोरेटा आईला म्हणाल्या. "ये. या वेळी आधी फोन कर." आणि मला म्हणाल्या, "तुझ्याशी मी ऑगस्टमध्ये बोलेन. बसमध्ये. सगळे सिग्नल लाल लागेपर्यंत." ते बोलणं झालं, आणि ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच, की माझी चूक किती मोठी होती हे त्यांनी अजिबात न हसता सांगितलं आणि मग पुढच्या सिग्नलला मला चघळायला गोळी दिली.

परत येताना गाडीत सगळ्या बडबडत होत्या. आई मात्र काचेबाहेर बघत होती आणि ओठ हलवत होती. डिकीतून मला वाटलं, ती बाबांना काय सांगायचं त्याची तयारी करते आहे.

घरी बाबा ओट्यापाशी उभे होते. त्यांनी आईच्या उपासासाठी आयुष्यात पहिल्यांदा साबुदाण्याची खिचडी केली होती. ती उचटण्याला धरून एकसंध वर येत होती. आईचा लालभडक अवतार बघून ते घाबरले. "झाली पूजा?" त्यांनी विचारलं.

"झाली आणि कॅन्सलही झाली. तुझे पुढचे सातही जन्म मी माझ्या हाताने सोडवले. तू मोकळा."

बाबांच्या हातातलं उचटणं तसंच राहिलं. मी दारात उभी होते. मग ते अगदी हळू म्हणाले, "आणि हा?"

"हा चालू आहे," आई हात धुता धुता म्हणाली. "गुरुवारी पहाटे चारला मला गाडी लागेल. आणि अमरावतीला दिवाळीत जाऊन येऊ. तिघं."

बाबा आमच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि नाक पुसत राहिले. मिरची लागली, म्हणाले. खिचडीत मिरची घालायला ते विसरले होते.